थेट शेतातून भाजी आणि धान्य : जळगाव शहरात गट बांधायचा तर हिशेब कसा ठेवावा?

पिंप्राळा_नाका

पिंप्राळा आणि महाबळ भागातली तीस घरं मिळून आठवड्याची भाजी आणि हंगामात वर्षाचं धान्य थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं ठरतंय. आसोदा, भादली आणि ममुराबाद या बाजूचे तीन भाजीपाला उत्पादक तयार आहेत. प्रश्न असे: एका घराला किती भाजी धरायची? भाव कोणी आणि कसा ठरवायचा? बाजार समितीची काही आडकाठी येते का? उन्हाळ्यात काय? केळी, दादर (रब्बीची ज्वारी), तेल यांचंही सांगा. ताजं खावं, शेजारच्या शेतकऱ्याला पैसा जावा, हे सगळ्यांना पटलेलं आहे. त्यावर भाषण नको, खाचाखोचा हव्यात.

गिरणाथडी

चार माणसांच्या घराला कांदा-बटाटा सोडून आठवड्याला साधारण ५ किलो भाजी धरा. त्यात पालेभाजीच्या ३-४ जुड्या, बाकी गिलकी, वांगी, भेंडी, गवार, टमाटे असं. तीस घरांचे झाले १५० किलो. आकडा मोठा वाटतो, पण दहा प्रकारांत वाटला की प्रत्येक भाजी आली १५ किलो. पंधरा किलो गिलक्यांसाठी कोणी वेगळी मजुरी लावत नाही. म्हणून तिघांनी दहाच्या दहा भाज्या लावायच्या नाहीत. एकाकडे पालेभाज्या, दुसऱ्याकडे वेलवर्गीय, तिसऱ्याकडे वांगी-मिरची-टमाटे अशी वाटणी करा, म्हणजे प्रत्येकाकडून एका फेरीत ५० किलो निघतं.

पालेभाजीचं गणित अजून लहान आहे. थंडीत मेथी एका गुंठ्याला ६० ते ८० किलो निघते. तीस घरांना आठवड्याला दोन-दोन जुड्या, जुडी ३०० ग्रॅमची, म्हणजे १८ किलो. पाव गुंठा पुरला! इथेच बहुतेक गट फसतात. शेतकरी उत्साहाने दहा गुंठे एकाच दिवशी पेरतो, २८व्या दिवशी सगळी मेथी एकदम तयार, आणि गट घेणार पाव गुंठ्याची. उरलेली ओढून लिलावात न्यावी लागते, तीही पडत्या भावात. मेथी २५ ते ३० दिवस, पालक ३० ते ३५ आणि पुढे दोन-तीन कापण्या, कोथिंबीर ४० ते ४५, मुळा ४० ते ४५, असा कालावधी धरून दर आठवड्याला एक छोटा वाफा टाकायचा. मेथीचं बी गुंठ्याला २५० ते ३०० ग्रॅम लागतं, तर पाव गुंठ्याला मूठ-दोन मूठ.

आणि एक गोष्ट गटाने आधीच समजून घ्यावी. तीस घरं हे त्या शेतकऱ्याच्या धंद्यातलं लहानसं गिऱ्हाईक आहे. त्याचा मुख्य माल मार्केटलाच जाणार. तुमच्यासाठी तो मार्केट सोडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आडतबाजार

कायद्याचं थोडक्यात. फळं आणि भाजीपाला जुलै २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला. आवाराबाहेर शेतकऱ्याने कोणालाही विकावं, सेस लागत नाही. धान्य नियमनात असलं तरी शेतकऱ्याने स्वतःचा माल घरगुती वापरासाठी घेणाऱ्याला विकण्याला मूळ कायद्यातच सूट आहे. त्यामुळे तीस घरांनी दादर आणली तर कोणी अडवणार नाही. तुमच्यातल्याच कोणी तीच दादर पोत्याने घेऊन पुढे दुकानदाराला विकली, की तो व्यापार झाला.

एक मात्र बघा. भाजी आणि धान्य हे शेतकऱ्याचं स्वतःचं पीक, त्याला अन्नसुरक्षेचा परवाना लागत नाही. त्याच्या घरचे बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, मसाला, लोणचं टोपलीत घालून विकायला लागलात की एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते.

भावाचं: लिलावाचा भाव शेतकऱ्याच्या हातात पूर्ण पडत नाही. गाडीभाडं, हमाली, तोलाई, गोण्या-क्रेट जातात. समजा गिलक्याला लिलावात किलोला २० निघाले, तर हातात १६-१७ पडतील आणि गल्लीत तेच ४० ला असेल. आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या दिवसाचे घाला. अशा वेळी शेतकऱ्याला २७-२८ द्या आणि वाहतूक, वजनकाटा, नासधूस यांचे ३ रुपये वर लावा. घराला ३१ पडतं. दोघांचा फायदा, त्यात बनवाबनवी नाही.

रोजच्या लिलावाला चिकटू नका. तीन-तीन महिन्यांसाठी भावाचा पट्टा, म्हणजे तळ आणि माथा, ठरवा. गिलकी २२ च्या खाली नाही, ३८ च्या वर नाही. मधल्या भागात आठवड्याचा भाव.

सौ_वाघूर

पट्टा ठीक, पण डिसेंबरात मेथीच्या दोन जुड्या पाच रुपयाला हातगाडीवर असतात. तेव्हा बायका टोपली घेणारच नाहीत. मग काय?

आडतबाजार

ताई, सगळे गट नेमके तिथेच मोडतात. उलटही होतं. भाद्रपदात पाऊस लागून भाजी सडली, कोथिंबीर साठ रुपये जुडी झाली, की शेतकरी तुमची जुडी मार्केटला नेतो. दोघांनाही मोह होतो, म्हणून दोघांनाही बांधून घ्यायचं. महिन्याचे पैसे आगाऊ घ्या, निम्मे महिन्याच्या सुरुवातीला शेतकऱ्याच्या खात्यावर. ज्या घराने आठवडा चुकवला त्याची टोपली शेजाऱ्याला द्यायची, पैसे परत नाहीत. शेतकऱ्याने माल दुसरीकडे वळवला तर त्या आठवड्याचा भाव पट्ट्याच्या तळाचा धरायचा. हे कागदावर लिहा, एकाच पानावर. ज्या गटात आगाऊ नाही, तिथे फार तर चार-सहा आठवडे उत्साह टिकतो.

आसोदा_रोड

भरताच्या वांग्याबद्दल सांगतो, कारण थंडीत तुमच्या टोपलीचं मुख्य आकर्षण तेच राहणार. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, केळीलाही त्याच वर्षी. पण मानांकन कागदावर असतं, वांगं निवडावं लागतं.

खरं भरीत वांगं फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेषा, आकाराने मोठं आणि आतून कमी बियांचं. ३०० ते ५०० ग्रॅमचं सर्वांत चांगलं. किलोचं वांगं दिसायला भारी, पण बहुतेक वेळा जून निघतं. हातात घेऊन पाहायचं: आकाराच्या मानाने हलकं असेल तर बी कमी. सालीवर तकाकी हवी, देठाकडची टोपी हिरवीगार हवी. पिवळट झाक आली की ते बियाण्याला ठेवायचं वांगं. टोपीखाली बारीक छिद्र असेल तर आत अळी आहे, बाहेरून कितीही देखणं असो. तोडताना हिसका मारला की टोपी सैल होते आणि तिथून सड सुरू होते, म्हणून शेतकऱ्याला सांगा, कात्रीने देठासकट कापा. पाच-सहा थरांपेक्षा जास्त रचू नका. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठीक. त्याहून जास्त ठेवलं, आणि थंडी १० अंशाच्या खाली असली, की सालीवर खळगे पडतात आणि आतलं बी तपकिरी होतं. लोक शेतकऱ्याला नावं ठेवतात, दोष फ्रिजचा असतो.

घरच्या भरतासाठी एक किलो वांग्याला तीन ते चार माणसं धरा. भाजून सोलल्यावर वजन सुमारे एक तृतीयांश कमी होतं. वांग्याला तेलाचा हात, सुरीने दोन-तीन टोचे, नाहीतर आतली वाफ फुटते. कपाशीच्या काड्या किंवा तुरखाट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) आचेवर फिरवत राहायचं. साल काळी होऊन देठापाशी बोट सहज रुतलं की झालं. गॅसवर भाजायचं तर जाळी ठेवून मंद आच, पण काड्यांच्या धुराची चव येणार नाही. साल काढायला पाण्याखाली धरू नका, चव वाहून जाते. लाकडी बडगीत ठेचायचं, मिक्सरला लावलं की लगदा होतो. किलोला हिरव्या मिरच्या ८-१०, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, तेल ५०-६० मिली. टमाटा घालणाऱ्यांशी वाद घालत बसणार नाही.

काड्या गावाकडून आणून गच्चीवर रचू नका. गुलाबी बोंडअळी काड्यांवरच्या वाळक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात जाते. आणलेल्या काड्या महिनाभरात जाळून संपवा.

जिभाऊ_चोपडा

आसोदाभाऊ, बराबर शे तुमनं. फक्त एक जोडतो. चंपाषष्ठीपर्यंत बरीच घरं वांगं खात नाहीत, त्यामुळे मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात मागणी एकदम उसळते. टोपलीत त्याच आठवड्यात दुप्पट वांगी धरा आणि शेतकऱ्याला पंधरा दिवस आधी सांगा.

सौ_वाघूर

फवारणीचं काय? थेट शेतातून घेतलं म्हणजे औषध नाही असं समजायचं का?

आसोदा_रोड

अजिबात नाही. वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर फवारणी करावीच लागते. विचारायचा प्रश्न "औषध मारता का" हा नाही. "शेवटचं काय मारलं आणि कधी" हा आहे. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते छापलेलं असतं. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के वांग्यावर मारलं तर ३ दिवस. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के मारलं तर २२ दिवस. आता विचार करा, वांगी पाच-सहा दिवसांनी तोडतात. फळं लागल्यावर २२ दिवसांचं औषध मारून नियम पाळणं शक्यच नाही. ते फक्त रोप वाढीच्या काळात, फुलं लागण्याआधी. तोडणी सुरू झाल्यावर कमी दिवसांचं औषध, कामगंध सापळे (गंधाने नर पतंग पकडणारे) आणि दर आठवड्याला वाळलेले शेंडे खुडून जाळणं.

गटाने शेतकऱ्याला एक वही द्या: तारीख, पीक, औषधाचं नाव, पुढची तोडणी. त्या वहीला सर्टिफिकेटपेक्षा जास्त किंमत आहे. ज्यांना सेंद्रिय शिक्का हवाच आहे त्यांनी पीजीएस (सहभागी हमी) पद्धतीचा गट बघावा, त्यात किमान पाच शेतकरी एकत्र यावे लागतात आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. तीन शेतकऱ्यांवर ते होणार नाही.

सावदा_फाटा

केळीचं मी सांगतो. रावेर, यावल, चोपडा एवढं केळं पिकवतात, पण जळगावकर स्वतः बऱ्याचदा उरलंसुरलं खातो. नवतीचा (नव्या लागवडीच्या बागेचा) चांगला माल उत्तरेकडे जातो आणि गल्लीत वापसीची (व्यापाऱ्याने नाकारलेली) बारकी केळी येतात. तेव्हा थेट घेण्याचा खरा फायदा केळ्यात आहे. लांबच्या बाजारासाठी घड ७५-८० टक्के भरलेला असतानाच कापतात, बोटांच्या धारा ठळक दिसतात. आपल्याला ट्रकमध्ये चार दिवस घालवायचे नाहीत, म्हणून शेतकऱ्याला सांगा, धारा गोलसर झालेला घड ठेवा. गोडी वेगळी असते. पूर्ण गोल होऊ देऊ नका, पिकताना साल फुटते.

पिकवणं. व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांवर इथिलीन वायू १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००) आसपास, एक दिवस देतात, मग हवा सोडून तीन-चार दिवस. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. पण "देठ हिरवं आणि साल पिवळी म्हणजे कार्बाइड" ही परीक्षा धरू नका. इथिलीनने नीट पिकवलेल्या केळ्याचं टोक आणि देठही विक्रीच्या वेळी हिरवट असतं.

घरी: एक फणी, बंद खोक्यात कागदात, सोबत दोन पिकली केळी. दिवाळीनंतरच्या हवेत चार ते सहा दिवस. दोन चुका होतात. कडक थंडीत खोकं गच्चीवर किंवा फ्रिजमध्ये ठेवलं आणि १३ अंशाच्या खाली गेलं की साल करडी पडते, मग ते पिवळं होत नाही. शेतातच थंडी लागलेल्या घडाचंही तसंच. दुसरी चूक मे महिन्यातली. खोली ३५-३८ अंशांवर असते, आतला गर मऊ आणि गोड होतो, साल हिरवीच राहते. लोक कच्चं समजून ठेवतात आणि मग सडतं. उन्हाळ्यात साल बघू नका, दाबून बघा.

दादरवाला

धान्याबद्दल. दादर सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या जमिनीच्या ओलीवर पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मोती पडल्यासारखं टपोरं पांढरं दाणं. खरिपाची ज्वारी काढणीला पाऊस लागला की काळी पडते, बुरशीची. दादरला तो धोका नाही, म्हणून वर्षाचं धान्य भरायचं तर हेच. रोज एक वेळ भाकरी खाणाऱ्या चार माणसांना १०० ते १२० किलो.

पोतं घेताना दाणा दाताने फोडा. कट्‌कन फुटला तर कोरडा, दबला तर ओल जास्त आहे. ओल १२ टक्क्यांच्या खाली आणायची. दोन दिवस कडक ऊन द्या, पण तापलेलं धान्य तसंच डब्यात भरू नका, आत दमट होऊन जाळी धरते. रात्रभर सावलीत थंड करून सकाळी भरा. हवाबंद पिशवीत भरायचं तर २५ किलोच्या चार घ्या, शंभराची एक नको. मोठी पिशवी दर आठवड्याला उघडली की हवा शिरते आणि सोंडे किडे जागे होतात. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधा आणि पहिली दुसऱ्या महिन्याआधी उघडू नका. पीठ मात्र दहा-पंधरा दिवसांचंच दळा, कडवटपणा पिठाला येतो, दाण्याला नाही.

कळण्याच्या भाकरीला चार किलो ज्वारीला एक किलो सालीचे उडीद आणि २०-२५ ग्रॅम मेथीदाणे, जरा जाडसर दळायचं. उडदाने पीठ चिकट होतं, म्हणून कोमट पाणी पुरतं, ज्वारीसारखं उकळतं पाणी लागत नाही. जाड थापा, पातळ केली की फाटते.

गिरणाथडी

नवापूरच्या तूरडाळीला मानांकन आहे, ती नंदुरबारहून मागवता येते. डाळीला किलोमागे ५ मिली एरंडेल चोळून ठेवा, भुंगा लागत नाही. वापरताना कोमट पाण्याने धुवायची.

घाणीवाला_एरंडोल

तेलाचं कोणी सांगितलं नाही म्हणून. लाकडी घाणीवर शेंगदाण्याच्या वजनाच्या ३८ ते ४२ टक्के तेल निघतं. लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तर त्याला २.२ ते २.४ किलो दाणे. सालासकट शेंगा घेतल्या तर सव्वातीन ते साडेतीन किलो, कारण शेंगेत दाणे साधारण ७० टक्के भरतात. हा आकडा पाठ ठेवा. कोणी घाणीचं म्हणून लिटरचा भाव अडीच किलो दाण्यांच्या भावापेक्षा कमी सांगत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी आहे. ढेप (तेल काढून उरलेला चोथा) कोणाची ते आधी ठरवा. ढेप घाणीवाल्याला सोडली तर दळणावळ कमी पडायला हवी. ताजं तेल भांड्यात दोन-तीन दिवस ठेवून, गाळ बसल्यावर वरचं काढा. गाळासकट बाटलीत भरलं की महिन्यात वास येतो.

पिंप्राळा_नाका

हे सगळं थंडीचं झालं. एप्रिल ते जून?

गिरणाथडी

पारा ४४-४५ ला गेला की मेथी, पालक, कोथिंबीर विसरा. वाफ्यावर हिरवी जाळी टाकली, दिवसाला दोन पाणी दिलं, तरी मेथी निबर आणि कडू होते. त्या तीन महिन्यांत टोपलीत गवार, भेंडी, चवळीच्या शेंगा, काकडी, डांगर, कैरी, लिंबू, कांदा, लसूण. विहिरींचं पाणीही तेव्हा कमी असतं, म्हणून शेतकऱ्याला दोन भाज्या कमी करू द्या आणि टोपली ५ वरून ३ किलोवर आणा. आगाऊ पैसेही त्या प्रमाणात कमी.

दुसरी बाजू आधीच तयार करायची. फेब्रुवारीत मेथी पडत्या भावात असते, तेव्हा गटाने जादा घेऊन सावलीत वाळवावी. दहा किलोची वाळून साधारण एक-सव्वा किलो होते. उन्हात वाळवली की रंग जातो. गवार वाफवून वाळवा, कच्ची वाळवली तर शिजायला तास लागतो. बिबडे, सांडगे, कुर्डया याच दिवसांत घालतात. सौ. वाघूर म्हणाल्या ती डिसेंबरातली पाच रुपयांची मेथीही इथे कामाला येते. पट्ट्याच्या तळाच्या भावाने जादा जुड्या घ्या आणि टोपलीतून कोणी गळलं तरी शेतकऱ्याचा माल वाया जात नाही.

आडतबाजार

वाटपाचं शेवटचं. तोडणी पहाटे, सात-साडेसातच्या आत माल सावलीत. पालेभाजी धुऊन आणू नका, ओली जुडी दुपारपर्यंत मधून पिवळी पडते. जुड्या क्रेटमध्ये उभ्या, वर ओलं गोणपाट. बंद प्लास्टिक पिशवीत भरलेली मेथी गाडीतच उकडते. वजनकाटा सरकारी शिक्क्याचा, इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दर वर्षी नवा करायचा. वाटपाला दोन घरं आळीपाळीने, दीड तास पुरे. नऊनंतर उरलेल्या टोपल्या ज्यांची आहेत त्यांच्या दाराशी नेऊन द्यायच्या नाहीत. ती सवय लागली की दुसऱ्याच महिन्यात वाटप करणारी घरं सोडून जातात.

पिंप्राळा_नाका

ठरलं असं: दहा प्रकार न करता नऊ, तीन-तीन वाटून. पट्ट्याचा कागद आणि फवारणीची वही या रविवारी तिघांना देतोय. न उचललेल्या टोपल्या जवळच्या खाणावळीला निम्म्या भावात जातील, ते पैसे वाहतुकीत जमा. आगाऊची रक्कम पहिल्या तीन महिन्यांना ठेवू, पुढची मार्चमध्ये, कारण तेव्हा टोपली लहान होणार.

आडतबाजार

खाणावळीला नेताना शेतकऱ्याला आधी सांगा. त्याच्याच गावचा माल निम्म्या भावात फिरतोय हे त्याला बाहेरून कळलं, तर तो पुढच्या पट्ट्यावर सही करणार नाही.